वॉल कंपाउंडच्या कडेची झुडपं आणि आमच्या फाट्यावरची नर्सरी: एका गवंड्याचा रिव्ह्यू

दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यात मी वॉल कंपाउंडची कामं घेतो. भिंत उभी झाली, प्लास्टर वाळलं, शेवटचा हप्ता हातात पडला की घरची बाई हमखास विचारते, "भाऊ, आता याच्या कडेनं काय लावू?" हा प्रश्न खरं तर पाया खोदायच्या आधी विचारायचा. आमच्या भागात ढोरं आणि ट्रॅक्टर मिळून जितक्या भिंती पाडत नाहीत, तितक्या झाडं आणि पाणी मिळून पाडतात. यंदा स्वतःच्या घरासाठी आणि काही गिऱ्हाइकांसाठी मी एकाच नर्सरीतून झुडपं आणली, त्या नर्सरीचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही. मालकाच्या शेडचं जोतं मीच बांधलेलं आहे, त्यातले थोडे पैसे अजून यायचे आहेत, आणि पुढे मी तक्रारीही करणार आहे. नाव नसल्यानं काही अडत नाही. जे पाहायचं ते कोणत्याही नर्सरीत पाहता येतं.

आधी माती सांगतो, नाही तर पुढचं सगळं नुसती फुलांची यादी वाटेल. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. काळी माती इतकी खोल की मुरूम लागेपर्यंत खोदायचं म्हटलं तर विहीरच होते. बोरचं पाणी खारं. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात वावरातल्या भेगेत सब्बल सोडली तर हातभर आत जाते. अशा मातीत इंजिनिअर लोक अंडर-रीम्ड पाइल सांगतात, म्हणजे बुडाशी गोळा फुगवलेला काँक्रीटचा खांब. खोल काळ्या मातीत तो किमान ३.५ मीटर उतरवायचा, कारण त्याच्या खाली ओल फारशी कमी-जास्त होत नाही आणि माती हलत नाही. रुडकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्र सरकारच्या इमारत संशोधन संस्थेनं, ही पद्धत बसवून दिली. घराला कोणी कोणी हा खर्च करतो. वॉल कंपाउंडला कोण करणार? तिथे दोन-अडीच फूट खोदायचं, मुरूम दाबायचा, आठ-दहा फुटांवर कॉलम, खालून प्लिंथ बीम म्हणजे काँक्रीटचा आडवा पट्टा, झालं. मुरूमही लांबून डोंगराकडून आणावा लागतो, तेव्हा त्यातही लोक हात आखडतात. म्हणजे भिंत उभीच असते हलत्या मातीवर.

झाड अशा भिंतीला दोन तऱ्हांनी छळतं. एक तऱ्हा सगळ्यांना दिसते: मूळ जाड झालं, फरशी उचलली, वीट ढकलली. दुसरी दिसत नाही, आणि आमच्याकडे तीच मोठी. उन्हाळ्यात झाड पायाखालची ओल ओढून घेतं, तेवढ्या तुकड्यातली माती जास्त आकसते आणि पाया तिथेच बसतो. मग विटांच्या सांध्यासांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी भेग वर चढते. ती सिमेंटनं भरली तरी पुढच्या वर्षी पुन्हा उघडते. याच्या उलटही होतं. झुडूप जगावं म्हणून रोज संध्याकाळी भिंतीच्या बुडाशी पाइप टाकून ठेवणारी माणसं आहेत. तिथली माती फुगते, भिंतीचा तेवढाच भाग उचलला जातो, भेग पडायची ती पडतेच. म्हणून "मुळं वरवर राहणारं झाड द्या" एवढं सांगून भागत नाही. मुळं उथळ पाहिजेत, झाडाचा पसारा लहान पाहिजे, आणि त्याला सारखं पाणी मागायची खोड नको. उथळ मुळांचं पण तहानलेलं झाड आमच्या मातीत भिंतीला चांगलं नाही.

आता नर्सरी. फाट्यावरून आत वळलं की वावरातच आहे. अर्ध्या जागेवर हिरवी शेडनेट, अर्धी जागा उघडी. मला पहिल्यांदा पटलं ते हे की कण्हेर, बोगनवेल, मेंदी, कोयनेल हा सगळा माल त्यांनी उघड्यावर उन्हात ठेवला आहे. जाळीखाली वाढवलेलं लुसलुशीत रोप आणून पंचेचाळीस डिग्रीत, तेही तापलेल्या भिंतीसमोर लावलं की आठवड्यात करपतं. दक्षिणेकडची आणि पश्चिमेकडची प्लास्टरची भिंत दिवस मावळल्यावरही झळ मारत असते. उन्हातलं रोप दिसायला राकट असतं, पानं बारीक असतात, गिऱ्हाइकाला ते आवडत नाही. पण तेच घ्यायचं.

मालक क्वचितच भेटतो. पाण्याच्या टाक्याजवळ खाटेवर त्याची आई बसलेली असते. माझ्या मते नर्सरी आजीच चालवतात. त्यांनी मला झाड दाखवायच्या आधी विचारलं, "पानी कोनतं हाये बापा, नळाचं का बोरचं? बकऱ्या येतेत का तिकडून? अन् भिंत कोन्या अंगाले हाये?" मी म्हटलं, "आजी, घरी शहानूर धरणाचं नळाचं पाणी आहे, पण येतं तेव्हा येतं. गिऱ्हाइकाकडे बोरचंच आहे." त्यावर त्यांनी दोघांसाठी दोन वेगळ्या रांगा दाखवल्या. माझ्या पाहण्यात नर्सऱ्या बऱ्याच आल्या आहेत, त्यात गिऱ्हाइकाला पाणी विचारणारी ही पहिली. बाकी ठिकाणी "कोणता कलर पायजे" इथूनच सुरुवात होते.

हेच कौतुक तिथल्या पोराबद्दल करता येत नाही. आजी नसताना काउंटरला एक पोट्टं असतं. माझ्यासमोर त्यानं एका गिऱ्हाइकाला भिंतीच्या कडेला लावायला कोनोकार्पस काढून दिलं. "सालभरात भिंतीच्या वर जाते, पानी नाई लागत, काई नाई लागत." सालभरात वर जातं हे खरं आहे, आणि तीच तर भीती आहे. कोनोकार्पस हे झुडूप नाही, झाड आहे. त्याची मुळं पाण्याच्या मागे लांबवर जातात, पाइपांत शिरतात. गुजरात सरकारनं २०२३ साली हे झाड लावायला बंदी घातली. आमच्याकडे ते अजून रांगेनं विकलं जातं, आणि नव्या ले-आउटमधल्या भिंतींना लागून रांगेनं उभं आहे. मी मालकाला फोनवर विचारलं तर म्हणाला, "लोकं मांगतेत त ठेवा लागते न भाऊ." धंदा त्याचा, मी काय बोलणार. पण मग निदान हे झाड भिंतीपासून, सेप्टिक टँकपासून दूर लावा, एवढं तरी पोराला सांगायला शिकवावं.

फायकसही तिथे बरंच आहे. गोल कातरलेलं, कुंडीत देखणं दिसतं. फायकस म्हणजे वड-पिंपळ-उंबराच्या घरचंच पोर. कुंडीत ठेवा, भिंतीजवळ जमिनीत नको. कढीपत्त्याबद्दल बायका ऐकत नाहीत, त्यामुळे मी सांगणं सोडलं आहे. पण त्याच्या मुळांवरून फुटवे निघतात आणि ते फरशीच्या सांध्यातून डोकं काढतात, हे लिहून ठेवतो.

आता जे आणलं त्याबद्दल.

कण्हेर सगळ्यात जास्त आणली, बुटकी, गुलाबी आणि पांढरी. खारं पाणी सोसते, लू सोसते, बकरी तोंड लावत नाही. मूळ तंतूंचं, वरच्या थरात पसरणारं, भिंतीला ढकलण्याएवढं जाड होत नाही. साधी कण्हेर मात्र दहा फुटांच्या वर जाते, म्हणून बुटकीच मागायची. माझी पहिली तक्रार इथेच आहे. पिशव्यांवर लेबल नाही. मी बुटक्या म्हणून निवडलेल्या रांगेत मधूनच उंच जातीची रोपं घुसलेली होती. फूल नसलेल्या रोपात गिऱ्हाइकाला हे कळणार कसं? पेरं पाहायचं. बुटकीची पानं आखूड, आणि दोन पेऱ्यांतलं अंतर बोटाच्या पेराएवढं किंवा त्याहून कमी. उंच जातीचं पान लांब, पेरी लांब. मी निवडून बाजूला काढली, आजींनी कुरकूर न करता बदलून दिली. पण दर वेळी आजी असतीलच असं नाही.

कण्हेरीबद्दल एक गोष्ट नर्सरीवाले स्वतःहून सांगत नाहीत, ती सांगायलाच पाहिजे. पान, फांदी, फूल, सगळं झाड विषारी आहे. उभं झाड ढोरं खात नाहीत, पण छाटलेल्या फांद्या वैरणीत मिसळल्या तर खाऊन जातील. छाटणी गोठ्याकडे टाकायची नाही, चुलीत जाळायची नाही, बाजूला खड्ड्यात पुरायची. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती तर मी लहान पोरं असलेल्या घरी लावूच देत नाही. तिच्या बिया पोरं खेळायला घेतात आणि त्या फार विषारी असतात.

ज्याला सलग हिरवी कड पाहिजे त्याच्यासाठी कोयनेल. बोरचं पाणी असलेल्या गिऱ्हाइकाला आजींनी हीच दिली. मूळची समुद्रकाठची वनस्पती, त्यामुळे खाऱ्या पाण्याचं तिला काही वाटत नाही. पान कडू, बकरी फिरकत नाही. छोट्या पिशवीतलं रोप बारा रुपयांना मिळालं, शंभराच्या वर घेतली तर दहाला. इतक्या स्वस्तात आमच्याकडे तुराट्यांचं कुंपणही होत नाही, दर वर्षी नव्यानं बांधावं लागतं ते वेगळंच. कात्री मात्र मारावी लागते, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी, नाही तर लोंबत्या फांद्या जमिनीला टेकून मुळं धरतात आणि कड रस्त्याकडे सरकते. ज्याला कात्री धरायचा कंटाळा आहे त्यानं कोयनेल घेऊ नये, बुटकी कण्हेर घ्यावी. मेंदीचंही तसंच. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ठीक आहे, भिंतीजवळ छाटली नाही तर झाड होतं.

बोगनवेल मला स्वतःला आवडते. पाणी कमी दिलं की फुलते, जास्त दिलं की नुसती पानं काढते, यापेक्षा सोयीचं झाड भिंतीच्या मालकाला कोणतं? पण नर्सरीतून भिंतीला खेटून वेल म्हणून चढवायचा सल्ला मिळतो, तो घेऊ नका. तिचं खोड पुढे मनगटाएवढं जाड होतं, वजन सगळं भिंतीच्या माथ्यावर येतं, आणि चार इंची भिंतीला ते वजन वादळात पेलवत नाही. तीन-चार फूट अंतरावर झुडपासारखी छाटून वाढवा. रस्त्याच्या बाजूच्या फांद्या तर काढायच्याच. काटे सायकलवरच्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. ऐंशीपासून दीडशेपर्यंत भाव सांगतात. मी सगळ्यात लहान पिशव्या घेतल्या. मोठ्या पिशवीतलं रोप आपल्या मातीत रुळायला जास्त वेळ घेतं आणि पैसे मात्र वाढीव जातात.

एक्झोरा सगळ्यांना पाहिजे असतो. लाल गुच्छ, शोरूमसमोर दिसतो तसा. आमच्या चुनखडीच्या मातीत त्याला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि बाकी पान पिवळं पडतं. मग नर्सरीवालाच हिराकस किंवा चिलेटेड लोहाची पुडी विकतो, आणि हे दर हंगामाला चालू राहतं. आजींनी मला एक्झोरा दाखवलाच नाही. पोरानं दाखवला असता. अनंताचंही हेच दुखणं आहे. अरेका पामचं तर विचारूच नका, उन्हाळ्यात पानांचे शेंडे जळून जातात.

टगर, ती पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची बुटकी, घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला लावली. नळाच्या पाण्यावर छान आहे. भिंतीच्या उत्तरेला, जिथे दुपारची सावली राहते, तिथे अबोली. बायको म्हणाली मोगरा पाहिजे, तोही घेतला. मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी लागतंच, म्हणून तो भिंतीपासून लांब, न्हाणीच्या बाजूला. सदाफुली विकत घेऊ नका, कोणाच्याही दारातून मूठभर बी आणा.

कोरांटी मात्र तिथून मिळाली आणि तिचा पैसा घेतला नाही. मी विचारलं, "आजी, कोरांटी आहे का, पिवळी, काट्याची?" आजी हसल्या. "तन हाये ते, त्याचे कायचे पैशे? टाक्याच्या मांगं लई माजली हाये, जितकी पायजे तितकी उपटून ने." ज्याला नर्सरी तण म्हणते ते माझ्या हिशेबानं आमच्या मातीतलं भिंतीजवळचं पहिल्या नंबरचं झुडूप आहे. कमरेएवढं होतं, काट्यामुळे कोणी आत हात घालत नाही, पावसाळा सरला की फुलतं, देवाला फूल होतं, आणि एकदा लागलं की पुन्हा कोणी बघितलं नाही तरी चालतं. बी पडून पसरतं हे खरं. ते वर्षातून एकदा खुरप्यानं काढावं लागतं. अडुळसाही असाच मागून घ्यायचा. बोर्डावर त्याचं नाव नाही, मागच्या कोपऱ्यात आहे.

रोप निवडताना मी एक काम करतो, ते पाहून पोट्टं वैतागतं. पिशवी उचलतो. बुडाशी टर्र आवाज झाला तर समजायचं की मूळ पिशवीचं भोक फोडून जमिनीत गेलं होतं आणि आता तुटलं. असं रोप वरून कितीही तरारलेलं दिसलं तरी घरी जाऊन माना टाकतं. या नर्सरीत जुना माल फार दिवस एका जागी पडून असतो. बोगनवेलीच्या रांगेत निम्म्याहून जास्त पिशव्या जमिनीला चिकटलेल्या होत्या. दुसरं, नमुना म्हणून एक पिशवी विकत घेऊन तिथेच ब्लेडनं चिरायची. मी टगरीची चिरली. माती सांडली नाही, गठ्ठा तसाच राहिला. कडेनं पांढरी कोवळी टोकं दिसत होती आणि बुडाशी एकच मूळ अर्धा वेढा घेऊन थांबलेलं होतं. हे चांगलं. बुडाशी सुतळीच्या गुंडीसारखी तपकिरी मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर ती रांग सोडून द्यायची, ते झाड जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतं. त्यांच्या जुन्या कण्हेरींत मला असं दिसलं, नव्यांत नाही.

लावण्याचा सल्लाही नर्सरीतून मिळतो, तो अर्धा बरोबर आहे. दीड फूट खड्डा करा, त्यात शेणखत आणि वाळू भरा, रोप लावा, हे छापील उत्तर हलक्या मातीसाठी ठीक. आमच्या चिकण मातीत असा खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरलेलं टोपलं. आजूबाजूची माती पाणी सोडत नाही, सगळं पाणी खड्ड्यात उतरतं, मुळं सडतात. आणि भिंतीजवळचं पाणी थेट पायाच्या शेजारी साचतं, ते तर अजून वाईट. मी गिऱ्हाइकांकडे वरंबा करून देतो, फूटभर उंच, उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. माती तीच, कुजलेलं शेणखत मिसळून. बोरचं पाणी आहे तिथे जिप्समही टाकतो, कारण खाऱ्या पाण्यातल्या सोडियमनं माती दगडासारखी बसते आणि जिप्सममधलं कॅल्शियम तिला मोकळी करतं. किती टाकायचं ते माती तपासून ठरवा, नर्सरीतल्या अंदाजावर नको.

अंतराचा माझा हिशेब असा की झुडूप पूर्ण वाढल्यावर जेवढं रुंद होणार त्याचं निम्मं, अधिक एक फूट. बुटकी कण्हेर चार फूट पसरणार, म्हणजे भिंतीपासून तीन फूट. मधला फूटभर मोकळा ठेवायचा तो माझ्यासाठी. उद्या प्लास्टर उखडलं तर मला तिथे उभं राहता आलं पाहिजे. लोकांना वाटतं जागा वाया गेली. भिंतीचा पोपडा काढायला काट्यात उभं राहून बघा, मग जागा वाया गेली का ते सांगा.

पाण्यासाठी संत्र्याच्या बागेतून उरलेली १६ मिलिमीटरची नळी कोणाकडेही पडलेली असते. ती झुडपाच्या बाहेरच्या बाजूनं टाकायची, भिंतीच्या बाजूनं नाही. तासाला चार लिटरचा ड्रिपर पुरतो. पहिला उन्हाळा जपायचा, दुसऱ्या उन्हाळ्यापासून कण्हेर, कोरांटी, बोगनवेल यांचं पाणी हळूहळू तोडायचं. वर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, अंथरलं तर माती कमी भेगाळते, पण खोडाला आणि भिंतीला टेकवून नको, उदई म्हणजे वाळवी लागते.

लावायची वेळ म्हणाल तर नर्सरीत गर्दी उन्हाळ्यात, लग्नसराईच्या रंगरंगोटीसोबत असते. चुकीची वेळ. मृगाचा पाऊस पडून माती भिजू द्या, भेगा मिटू द्या, मग लावा. भेग उघडी असताना लावलं तर मुळाशी हवा राहते आणि रोप वरून पाणी देऊनही वाळतं. मालकालाही हे माहीत आहे, पण एप्रिलमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायची हिंमत कोण करतो? आजी करतात. माझ्यासमोर एका बाईला म्हणाल्या, "आता नको लावू माय, पैशे पान्यात जाईन. पावसाले ये."

राहिला व्यवहार. भाव वाजवी आहेत, अमरावतीपेक्षा बरेच कमी. बिल कच्चं मिळतं, पक्कं मागितलं की पोट्टं मालकाला फोन लावतं आणि मालक उचलत नाही. फोनवरून पैसे चालतात. माल घरपोच देतात, छोट्या हत्तीनं, भाडं वेगळं. मी एकदा त्यांच्या गाडीनं मागवला तर पिशव्या एकावर एक रचून आणल्या, खालच्या थरातल्या टगरींचे शेंडे मोडले. मेलेल्या रोपांची भरपाई देत नाहीत, पण मोडलेल्यांच्या बदल्यात पुढच्या खेपेला नवी दिली. तेव्हापासून मी माझीच गाडी नेतो आणि एकाच थरात, पिशवीला पिशवी लावून उभी आणतो, वर ओलं पोतं.

झुडपांच्या मालासाठी मी पाचपैकी चार देईन, लेबल लावले तर साडेचार. सल्ल्यासाठी आजी असतील तर पाच, पोट्टं असेल तर दोन. हिरव्या भिंतीच्या नावाखाली कोनोकार्पस विकणं बंद होईपर्यंत मी माझ्या गिऱ्हाइकांना तिथे एकट्यानं जाऊ देत नाही, कागदावर नावं लिहून देतो: बुटकी कण्हेर, कोयनेल, टगर, अबोली, बोगनवेल लहान पिशवी, आणि मागच्या टाक्याजवळची कोरांटी.

आजी सकाळी साडेसातपासून साधारण अकरापर्यंत खाटेवर असतात, नंतर जेवून झोपतात. गाडी फाट्यावरच लावा. आतला रस्ता काळ्या मातीचाच आहे, एक सर पडली की मोटरसायकलचं चाक फिरत नाही, आणि ओढून काढायला ट्रॅक्टरवाला दोनशे घेतो.